आठ हजारांतला कॅमेरा

माझी भाची बोरिवलीला राहते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शिकवण्या घेऊन तिने आठ हजार रुपये साठवलेत. त्यात तिला कॅमेरा हवाय. लेन्स बदलायचा मोठा नको, पर्सच्या बाजूच्या कप्प्यात मावेल असा छोटा. तिच्या मैत्रिणी त्याला ‘डिजिकॅम’ म्हणतात. तिच्या बाबांचं म्हणणं, हातात चांगला फोन आहे, मग हे खूळ कशाला? मावशीला फोटोंचा नाद आहे, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

मी तिला आधी एक काम लावलं. फोनमधले वर्षभराचे फोटो चाळ आणि जे मनासारखे आले नाहीत त्यांतले दहा बाजूला काढ. तिने काढले. सहा नवरात्रातल्या गरब्याचे होते : हललेले, पिवळट, घागऱ्याच्या जागी नुसता रंगाचा फराटा. तीन लांबून काढलेले होते. संजय गांधी उद्यानातलं हरीण, कॉलेजच्या स्टेजवरची मैत्रीण, गच्चीवरून दिसलेला धनेश. तिन्ही ओढून ओढून मोठे केलेले आणि म्हणून चिखल झालेले. दहावा फोटो नव्हताच. चुलत भावाच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी फोन दोन टक्क्यांवर होता.

कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर तुम्हीही हेच करा. बिघडलेले फोटो ही तुमची खरेदीची यादी आहे असं समजा. दुकानदाराला काय मागायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. आणि दहाच्या दहा बिघडलेले फोटो संध्याकाळच्या अंधुक उजेडातले, स्थिर वस्तूंचे निघाले, तर पैसे तसेच ठेवा. स्वस्त छोट्या कॅमेऱ्याने ते आणखी वाईट येतील.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. कॅमेरा म्हणजे फोनपेक्षा चांगलाच, असं आपण धरून चालतो. पण बहुतेक स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारा सेन्सर ज्या मापाचा असतो त्याला १/२.३ इंची म्हणतात. नाव मोठं, प्रत्यक्षात तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर; आपल्या करंगळीच्या नखाहून लहान. आजच्या मध्यम किमतीच्या कित्येक फोनमधला मुख्य सेन्सर याहून मोठा असतो. त्यावर फोन एका क्षणात पाच-सहा फोटो काढून ते एकमेकांत मिसळतो, सावल्या उजळतो, आकाश सांभाळतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याला हे काही येत नाही. बाबांचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं.

भाचीचं म्हणणं खरं ठरतं ते फ्लॅशपाशी. फोनचा फ्लॅश म्हणजे एलईडीचा बारीक दिवा. लागला की थोडा वेळ तसाच जळत राहतो, उजेड बेताचा. छोट्या कॅमेऱ्यात झेनॉन वायूची नळी असते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागात, कधी त्याहूनही कमी वेळात सगळा उजेड ओतते. गिरकी घेणारी मुलगी त्या क्षणापुरती थिजते, ओढणी हवेत तशीच राहते, टिकल्या चमकतात आणि मागचं मैदान काळोखात जातं. तरुण मुलींना जो ‘डिजिकॅम लूक’ हवा असतो त्यातला मोठा वाटा या नळीचा आहे. तिची धाव मात्र तीनेक मीटरच. लांबच्या स्टेजवर फ्लॅश मारणारे लोक फक्त पुढच्या रांगेतली डोकी उजळत असतात.

दुसरं कारण लेन्सच्या झूमचं. यात दोन प्रकार, आणि दुकानदार ते एका दमात बोलतो. ऑप्टिकल झूममध्ये लेन्सची भिंगं खरोखर पुढेमागे सरकतात आणि लांबची वस्तू जवळ येते. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणणं; ते तुम्ही घरी बसूनही करू शकता. खोक्यावर ‘१६ एक्स डिजिटल’ लिहिलेलं असेल तर तो आकडा डोक्यातून काढून टाका. ऑप्टिकल झूम किती, तेवढंच विचारा.

किती झूम पुरतो? स्टेजवरच्या मैत्रिणीला ८ ते १२ पट पुरतो. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना पुरत नाही. २०१५ साली अभयारण्य झालेली आणि २०२२ पासून रामसर यादीत असलेली ही खाडी मुलुंडकरांच्या अगदी दाराशी आहे. मुलुंड-ऐरोली पूल ओलांडला की किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. हिवाळ्यात त्या बोटीत पाच पट झूमचा कॅमेरा घेऊन बसाल, तर गुलाबी रेघ घेऊन घरी याल. तिथे ३० पट लागतो. पण झूम जसा वाढतो तसं लेन्सचं तोंड बारीक होत जातं, एफ ३.५ च्या आसपास सुरू झालेली लेन्स टोकाला एफ ६.५ किंवा ७ वर जाते, म्हणजे आत येणारा उजेड चौथाईवर. झूमचा कॅमेरा हा उन्हाचा कॅमेरा आहे.

उपनगरातल्या माणसाने मात्र लांबच्या टोकाइतकीच जवळच्या टोकाची चौकशी करावी. वन बीएचकेत वाढदिवसाला पंधरा माणसं जमतात आणि फोटो काढणारा मागे सरकत सरकत मोरीत पोचतो. लेन्सच्या कड्यावर किंवा माहितीपत्रकात ‘२४ मि.मी.’ किंवा ‘२५ मि.मी.’पासून सुरुवात असेल तर सगळे मावतात. २८ ला कडेचे काका अर्धे कापले जातात. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ३५-३६ पासून सुरुवात असायची, तेव्हा तर फक्त केक आणि वाढदिवसाचा मुलगा. कॅमेऱ्याच्या पुढ्यात ‘४.५-५४’ असे वेगळेच छोटे आकडे छापलेले दिसतील. ते वाचून घाबरू नका, फिल्मच्या मापात किती ते विचारा. अंधेरीचा गिल्बर्ट हिल खालच्या गल्लीतून टिपून बघा, साठ मीटरचा तो बेसॉल्टचा खांब कुठल्या लेन्समध्ये मावतो ते लगेच कळेल.

मेगापिक्सेलवर मी फार शब्द घालवणार नाही. चार बाय सहा इंची प्रिंटला २२ लाख ठिपके लागतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. ए-फोर आकाराच्या स्वच्छ प्रिंटला नऊच्या आत. दहा मेगापिक्सेलचा कॅमेरा आयुष्यभर पुरतो.

नवा की जुना

आता आठ हजार. त्यातले पंधराशे आधी बाजूला काढा : मेमरी कार्ड, जादा बॅटरी, फोनला जोडायचा कार्ड रीडर, हवाबंद डबा. उरले साडेसहा. एवढ्यात नव्या कॅमेऱ्यांचं दुकान जवळपास रिकामं आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. जपानी कंपन्यांनी २०१० साली जगभरात मिळून १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते, त्यात बहुतेक हेच छोटे. २०२३ पर्यंत तो आकडा ८० लाखांच्या खाली आला. स्वस्त छोटा कॅमेरा फोनने खाल्ला, कंपन्यांनी ती रांगच बंद केली आणि आता मागणी परत आली तर माल नाही. कोडॅकच्या नावाने मिळणारे पिक्सप्रो एफझेड४५ आणि एफझेड५५ हे नव्यातले सरळ पर्याय आहेत. कोडॅकचं नाव परवान्यावर घेऊन जेके इमेजिंग नावाची कंपनी ते विकते. दोन्ही १६ मेगापिक्सेल. एफझेड४५ ला पेन्सिल सेल चालतात, झूम २७ ते १०८. एफझेड५५ ला लिथियम बॅटरी, झूम २८ ते १४०. आम्ही विचारलं तेव्हा दोन्ही भाचीच्या पैशांत बसत नव्हते. तुमची मर्यादा थोडी वर असेल आणि जुनं घ्यायचा धीर नसेल, तर यांचा विचार करा.

बसत होते ते दुसरेच. ऑनलाइन बाजारात चार-पाच हजारांना ‘४८ मेगापिक्सेल, फोर-के, १६ एक्स झूम’ असे बिननावाचे किंवा कधी न ऐकलेल्या नावाचे गुलाबी-निळे कॅमेरे दिसतात. त्यांच्याकडे नीट बघा. लेन्स पुढे सरकत नाही, म्हणजे ऑप्टिकल झूम नाही. आतला सेन्सर कमी ठिपक्यांचा असतो आणि ४८ हा आकडा ठिपके फुगवून काढलेला. फ्लॅशच्या जागी एलईडी. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आपण निघालो, त्या दोन्ही गायब. सातवीतल्या मुलाला सहलीला द्यायला ठीक. बाकी कुणाला नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : या पैशांत नव्या वाईटापेक्षा जुना चांगला घ्यावा. जुना म्हणजे साधारण २००८ ते २०१६ च्या दरम्यानचा. त्याआधीचे नको, याची कारणं आहेत. २०१० पर्यंतच्या सोनीच्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागायची, ऑलिम्पस आणि फुजीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड. ही दोन्ही कार्डं आता भंगारवाल्याच्या कृपेने मिळाली तर. फार जुने एसडीवाले कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात. ३२ जीबीपेक्षा मोठं कार्ड २०१० च्या आधीच्या कॅमेऱ्यात चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून १६ जीबीचं घ्यावं. त्यात तीन हजार फोटो सहज मावतात. शिवाय २००२ ते २००४ च्या सुमाराला बनलेल्या एका मोठ्या खेपेतले सेन्सर उष्ण, दमट हवेत निकामी होत असत आणि फोटो जांभळे किंवा काळे येत. २००५ साली कित्येक कंपन्यांना ते जाहीर करावं लागलं होतं. उष्ण आणि दमट म्हणजे आपण कुठे राहतो ते वेगळं सांगायला नको.

नावं हवीत तर ही घ्या. गरबा, वाढदिवस, मैत्रिणी यांच्यासाठी कॅननचे इक्सस. २०१६ चा इक्सस २८५ एचएस यातला सगळ्यात कामाचा, २५ पासून ३०० पर्यंत झूम. हल्ली त्याला मागणी फार, त्यामुळे भावही चढा. सोनीचा २०१४ चा डब्ल्यू८०० अगदी साधा, २० मेगापिक्सेल, पाच पट झूम, आणि तो जुन्यांच्या बाजारात सापडतो. पक्षी आणि मॅचसाठी सोनीचा एचएक्स९०व्ही किंवा कॅननचा एसएक्स७२० एचएस. पहिल्याचा झूम ३० पट, दुसऱ्याचा ४० पट. दोन्ही आठ हजारांत मिळाले तर नशीब, पण पॅनासॉनिकच्या टीझेड मालिकेतले थोडे जुने मिळू शकतात. माझी स्वतःची आवड मात्र तिसरीच : कॅननचे एस९०, एस९५ आणि पॅनासॉनिकचे एलएक्स३, एलएक्स५. २००८ ते २०१० चे. झूम तुटपुंजा, पण सेन्सर नेहमीच्या दीडपट मोठा आणि लेन्सचं तोंड एफ २ इतकं उघडं. शिकायची हौस असेल तर यातला एखादा डोळे झाकून घ्या. डोळे झाकून म्हणजे मॉडेल. वस्तू मात्र डोळे फाडून बघायची.

जपानमधून लॉटने आलेले जुने कॅमेरेही बाजारात फिरतात. इक्ससचं तिकडचं नाव ‘इक्सी’. त्यात वाईट काही नाही, फक्त मेनू उघडून इंग्रजी भाषा आहे का बघा. जपानच्या काही मॉडेलांत जपानीखेरीज दुसरी भाषाच नसते.

कुठे शोधायचा

उपनगरातल्या मॉलमध्ये वेळ घालवू नका. तिथे काचेच्या कपाटात पाऊण लाखाचे कॅमेरे आणि ड्रोन. अंधेरी, घाटकोपर, मुलुंडला स्टेशनजवळ जे जुने फोटो स्टुडिओ अजून तग धरून आहेत, पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर चालणारे, तिथे मात्र विचारा. त्यांच्याकडे कुणाचा तरी पडून असलेला कॅमेरा असतो, नाहीतर दुरुस्तीवाल्याचा नंबर असतो.

खरा बाजार फोर्टला. सीएसएमटीला उतरून डी. एन. रोड आणि त्याच्या मागचं बोरा बझार. मुलुंड-घाटकोपरकरांना एकच गाडी. बोरिवली-अंधेरीकरांनी चर्चगेटला उतरून चालत जावं, किंवा मेट्रोने घाटकोपरला येऊन मध्य रेल्वे धरावी. रविवारी जाऊ नका, फोर्ट अर्धा झोपलेला असतो. शनिवारी दुपारच्या आत पोचलात तर उजेडही असतो आणि दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळही. मुंबईला कॅमेऱ्याचं वेड काही आजचं नाही : फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली निघाली आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळात होते. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, त्यांचं बजेट किती होतं?”

चोरबाजारातही कॅमेरे मिळतात. शोभेला ठेवायचा अॅग्फा क्लिक थ्री हवा असेल तर जरूर जा. आमच्या घरी तो होता. १२० ची रोल फिल्म, एका रोलमध्ये बारा फोटो, आणि आमचे अण्णा बारावा फोटो गणपतीपर्यंत राखून ठेवायचे. चालता कॅमेरा मात्र तिथे नवख्या माणसाने घेऊ नये. बिल नाही, बॅटरी नाही, परत जायचं तर तो माणूस नाही.

राहिला ऑनलाइन जुना बाजार. माल इथेच सगळ्यात जास्त, आणि लबाडीही. विकणारा तुमच्याच लाइनवर राहणारा शोधा आणि दिवसाउजेडी स्टेशनबाहेर, माणसांच्या वर्दळीत भेटा. आगाऊ पैसे एक रुपयाही नाही. फौजी आहे, बदली झालीय, कुरिअरने पाठवतो, असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. तरीही कोणी गंडवलंच, तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. विकणाऱ्याकडे मूळ बिल किंवा खोकं आहे का विचारा आणि त्यावरचा सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी जुळवा. चोरीचा माल ओळखायचा त्याहून सोपा उपाय नाही.

दुकानातून नवा घेतलात तर खोक्यावर एमआरपी आणि आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता हवाच. तो नसेल तर माल आडमार्गाने आलेला आहे आणि कंपनीची वॉरंटी विसरा. “बिल हवं तर अठरा टक्के जास्त लागतील” हे वाक्य कानावर येईल. कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या जानेवारीत २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. बिल मागणं हा वरचा खर्च नाही. एमआरपीच्या खाली घासाघीस करायला हरकत नाही, कराच. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानेही भागलं नाही तर बांद्रा पूर्वेचा उपनगर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. एखाद्या व्यक्तीकडून जुना घेतलात तर मात्र यातलं काही लागू नाही, कारण ती व्यक्ती व्यापारी नाही. तिथे तुमचे डोळे हीच वॉरंटी.

हातात आल्यावर

म्हणून निघताना तीन वस्तू बरोबर न्या : स्वतःचं १६ जीबीचं कार्ड, फोनला लागणारा कार्ड रीडर, आणि फोनचा टॉर्च, जो असतोच.

आधी बंद कॅमेरा बघा. कोपरा चेपलेला असेल तर तो पडलाय. स्क्रूंची खाच झिजलेली असेल तर कुणीतरी उघडलाय. बॅटरीचं झाकण नीट अडकतं का? छोट्या कॅमेऱ्याचं पहिलं मोडतं ते हे झाकणच, आणि मग लोक रबरबँड लावून वापरतात. बॅटरी बाहेर काढून सपाट काचेवर ठेवा. ती डुलली तर फुगलीय, टाकून द्या. नवी मिळते, पण ती पाच-सातशेची वजाबाकी भावातून करून घ्या.

आता चालू-बंद करा, एकदा नव्हे, दहा वेळा. लेन्स दरवेळी सुरळीत बाहेर आली पाहिजे. करकर आवाज, मधेच अडकणं, किंवा पडद्यावर लेन्स एरर असं काही आलं, तर कितीही स्वस्त असो, तिथेच नमस्कार. लेन्सच्या नळीत वाळूचा एक कण गेला तरी असं होतं. गोराईच्या किनाऱ्यावर नेलेले किती कॅमेरे असे मेलेत! दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त आणि सुटे भाग बंद झालेले.

मग झूम पूर्ण लांबवा आणि टॉर्च तिरका धरून लेन्सच्या आत बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. ती भिंगाच्या आत वाढते, पुसता येत नाही, आणि हळूहळू काचेवरचा लेपच खाते. दुकानदार म्हणेल, “फोटोत दिसत नाही.” आज दिसत नाही, हे खरं. मी एकदा हेच वाक्य ऐकून कॅमेरा घेतला होता. पुढच्या गणपतीत समोर समई असली की सगळा फोटो धुक्यात.

यानंतर आपलं कार्ड घाला. पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो पूर्ण झूमवर काढा; करडे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्ससमोर हात घट्ट धरून एक काळा फोटो काढा. त्यात लाल-निळे ठिपके चमकले तर तेवढे ठिपके बिघडलेले. समोरच्या एखाद्या बंद दुकानाच्या शटरचा सरळ उभं राहून फोटो घ्या. शटरच्या पट्ट्या चारही कोपऱ्यांत सारख्या स्वच्छ हव्यात, एकच बाजू अंधूक असेल तर भिंगं हललीयत. फ्लॅश लागोपाठ पाच वेळा मारा आणि दोन फ्लॅशमध्ये किती थांबावं लागतं ते मोजा. दहा सेकंदांचा व्हिडिओ घेऊन आवाज ऐका. तारीख लावा, बॅटरी काढून मिनिटभराने घाला. तारीख पुसली गेली तर आतला छोटा सेल संपलाय, त्यासाठी सौदा मोडायचं कारण नाही, पण भाव पाडायला उपयोगी. सगळे फोटो तिथल्या तिथे कार्ड रीडरने फोनवर मोठे करून बघा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळंच सुंदर दिसतं.

यात वीस मिनिटं जातात. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. जो मुळात टॉर्च लावू देत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका.

दमट हवेची गोष्ट

जुलैत मुंबईच्या हवेत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. बुरशीला साठ-सत्तर टक्केसुद्धा पुरतात. कॅमेऱ्याला मानवते ती चाळीस ते पन्नास. म्हणजे जून ते सप्टेंबर आपल्या घरातलं प्रत्येक कपाट बुरशीचं माहेर आहे, आणि सर्वांत लाडकं माहेर म्हणजे कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेली रेक्झिनची पेटी. ती प्रवासापुरती वापरा, मुक्कामाला नको.

उपाय दोन-तीनशे रुपयांचा आहे. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, पारदर्शक, म्हणजे उघडावा लागत नाही. त्यात सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यातून निघालेल्या जुन्या पुड्या बहुधा आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. नव्या आणा, रंग बदलणाऱ्या. नारिंगी दाण्यांच्या घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तो स्वयंपाकघरात नको. ओल शोषून रंग बदलला की दाणे गरम करून पुन्हा कोरडे करता येतात, फक्त त्यासाठी पोळीचा तवा वापरू नका, एखादं टाकाऊ भांडं ठेवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हसून विषय बदला; तांदळाचं पीठ लेन्सच्या नळीत जातं.

पण डब्याहून मोठं औषध वापर. आठवड्यातून एकदा बाहेर काढावा, लेन्स आतबाहेर करावी, दोन फोटो घ्यावेत, थोडा कोवळा उजेड दाखवावा. महिन्याभराहून जास्त वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवावी. एसी खोलीतून एकदम बाहेर नेलात तर चष्म्यावर येते तशी वाफ लेन्सवर येते. पर्समध्येच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. आणि आत बुरशी दिसली म्हणून घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो. बॅटरी काढल्यावरही त्यात तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात.

भाचीला शेवटी मिळाला तो दहिसरच्या एका काकांचा इक्सस, २०११ सालातला, १२ मेगापिक्सेलचा, कोपऱ्यात एक ओरखडा. काकांनी मुलीच्या बारशाला घेतला होता आणि फोन आल्यावर बाजूला ठेवला होता. खोक्यासकट, बिलासकट, आणि नशिबाने उघड्या फडताळात. साडेचार हजार. टॉर्च लावला तेव्हा काका जरा दुखावले, मग स्वतःच वाकून आत बघायला लागले.

वापरायच्या दोन गोष्टी तिला सांगितल्या. बटण एकदम दाबायचं नाही. अर्धं दाबून चौकट हिरवी होईपर्यंत थांबायचं, मग पूर्ण. जुना कॅमेरा फोनसारखा चटपटीत नसतो, तो अर्धा सेकंद मागतो. दुसरं, गरब्यात नुसता फ्लॅश न मारता नाइट पोर्ट्रेट लावून बघायचं : फ्लॅशने मुलगी थिजते आणि शटर थोडं जास्त उघडं राहिल्याने मागचे दिवे रेघा होऊन वाहतात.

परवा रात्री तिने अकरा फोटो पाठवले. चार हललेले, तीन नुसत्या पाठींचे. एकात तिची मैत्रीण गिरकीच्या मधोमध, दोन्ही पाय जमिनीच्या वर, आणि तिच्या खांद्यामागून अर्धा दिसणारा माणूस म्हणजे तिचे बाबा, दांडिया हातात घेऊन.